चारशे मडकी

“हात उचलू नका. श्वास सोडा वाटलं तं… पन रेघ पुरी होईपर्यंत हात उचलू नका.”

राजदीपनं मला शिकवलेली पहिली गोष्ट ही. ओळख होऊन घटकाही झाली नव्हती, आणि सरळ हुकूम! अजूनही अंगणात रांगोळी घालताना तो आवाज कानामागून येतो, आणि हात जागीच थांबतो.

माघातली दुपार होती. आमच्या महिला भजनी मंडळाची पाटी रंगवून घ्यायला मी कॅम्प-1 च्या बाजारात गेले होते. भिलाईत पेंटर पुष्कळ, पण ‘मंडळ’ म्हटलं की सगळे ‘मंडल’ लिहून देतात. तिसऱ्या दुकानात एक सावळा, उंच मुलगा ब्रश धूत बसला होता. कोपरापर्यंत निळा रंग.

“ळ येतो मले,” तो म्हणाला. “आमी घरी मराठीच बोलतो. पन देवीचं कमळ तुमीच काढा, ताई. मी काढलं तं लोक म्हनतीन, पत्ताकोबी कावून काढली?”

“ताई म्हणू नका.” असं का म्हणाले, माझं मलाच कळलं नाही…

“मंग काय म्हनू?”

“प्रांजली.”

“बरं झालं. नाईतं राखीले यावं लागलं असतं.”

मी ब्रश हातात घेतला. रेघ मध्येच तुटली, म्हणून तो हुकूम. मी श्वास सोडला, हात उचलला नाही, आणि कमळाची पहिली पाकळी एका रेघेत उतरली. त्यानं बघितलं — पाकळीकडे नाही.

चार दिवसांची पाटी पंधरा दिवस चालली. रंग वाळत नाही म्हणे. माघाच्या कोरड्या वाऱ्यात!

दर गुरुवारी माझं मौन असतं. सहा वर्षांपूर्वी बाबांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून मी दत्तमहाराजांना नवस बोलले होते — बाबांना राहू द्या, गुरुवारचा माझा शब्द तुमचा. बाबा राहिले. मौनही राहिलं.

राजदीपला त्याची भारी गंमत वाटायची. “गुरुवारी तुह्याशी भांडाले मजा येते,” तो म्हणायचा. ‘तुम्ही’ केव्हा गळून पडलं, आठवत नाही. “मी बोलतो तेच फायनल.”

अशाच एका गुरुवारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “एक इचारू? बोलू नको, तुहं व्रत मोडन. बांगड्या वाजव फक्त. एकदा म्हनजे नाही, दोनदा म्हनजे हो.”

मी मान डोलावली.

“माह्याशी लग्न करशीन?”

मी बांगड्या तीनदा वाजवल्या.

“आता हे काय? हे तं ठरलंच नव्हतं!”

मी तोंडावर ओढणी घेऊन हसत सुटले. पुढचे कितीतरी दिवस तो तिसऱ्या वेळेचा अर्थ विचारत राहिला आणि मी सांगितला नाही. दोन कोणालाही वाजवता येतात, एवढंच माझ्या मनात होतं…

तो बौद्ध, आम्ही कुणबी. दोन्ही घरं भंडाऱ्याकडून इथं आलेली, दोन्ही घरांत एकच बोली, आणि मध्ये रेल्वेची लाइन. घरी सांगायचं होतं. केव्हा, ते दोघंही एकमेकांना विचारत नव्हतो.

ते ‘सावली समिती’चे दिवस होते. मागच्या ज्येष्ठात राजदीपचे वडील, चंपतकाका, ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर असताना भर बारा वाजता उन्हानं कोसळले होते. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला तो पडलाच. तेव्हापासून कॉलेजातली मुलं, बाया, रिटायर झालेले कामगार एकत्र येऊ लागले. मागण्या दोनच. अहिवाऱ्याकडच्या रस्त्यावरची जुनी झाडं तोडायची नाहीत, आणि उन्हाळ्यात बारा ते चार उघड्यावरचं काम बंद. घोषणा नाहीत, दगड नाही. वैशाखात एक शांत पदयात्रा काढायची. समितीचे प्रमुख भूपेंद्र सर, कॉलेजात शिकवायचे. बैठका माझ्या मामाच्या, देवीदासमामाच्या ओसरीत व्हायच्या. मामाचा आमच्या घरावर दरारा. बाबांच्या आजारपणानंतर तर त्याचाच शब्द शेवटचा.

यात्रेला एक चिन्ह हवं होतं. त्यावरून दोन बैठका नुसत्या हसण्यात गेल्या.

“सूर्य?”

“तोच तर जाळून राहिला!”

“झाडाचं पान?”

“कुठल्या ना कुठल्या पार्टीचं निघेल. निळा, हिरवा, भगवा… एकही रंग खाली नहीं है भाई,” भूपेंद्र सर कपाळाला हात लावून म्हणाले. “असं काही सांगा, जे सगळ्यांच्या घरात आहे.”

राजदीप त्या दिवशी कुम्हारीला एका गोदामाची भिंत रंगवायला गेला होता. मी मागं, बायांत बसले होते. चार माणसांत मी सहसा बोलत नाही. पण अक्षय तृतीया जवळ आली होती, पितरांच्या नावानं पाण्याचा करा द्यायला मी तो आदल्याच दिवशी आणला होता, आणि तो डोळ्यांसमोर आला.

“मडकं,” मी म्हणाले. “लहानसं, रिकामं. प्रत्येकानं दोरीत बांधून गळ्यात घालायचं. काही बोलायची गरजच नाही. तहान दिसेल.”

ओसरीत टाळ्या पडल्या. सर म्हणाले, “वा, प्रांजली! क्या बात है.” कुंभाराकडे चारशे मडकी सांगायची, हे तिथंच ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दानं काही ठरत होतं. मला हे कधी एकदा राजदीपला दाखवते असं झालं.

दुसऱ्या दिवशी मी तो करा दोरीत ओवला, गळ्यात घातला, वर ओढणी घेतली, आणि दुकानात जाऊन ओढणी बाजूला केली.

“ओळख बरं, काय आहे? आपलं चिन्ह! मी सुचवलं.”

त्याच्या हातातला ब्रश डब्यात पडला.

“काढ ते.”

“अरे, पण ऐक तर…”

“गळ्यातून काढ ते, प्रांजली!”

मी काढलं. तो स्टुलावर बसला. मग एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं हळू बोलला, “आमच्या लोकाइच्या गळ्यात मडकं बांधत होते. थुंकी जमिनीवर पडून रस्ता बाटू नये म्हनून. आमच्या घरी हे लहानपनीच सांगतात. तुह्या घरी नाही सांगत?”

नव्हतं सांगितलं. मी हिंदी शाळेत शिकले. घरात पोथ्या वाचल्या, उपास केले, तुळशीला पाणी घातलं… आणि एवढं मला माहीत नव्हतं. माझ्या हातात तो करा होता, आणि तो ठेवायला जागा सापडेना.

“मी सांगते सगळ्यांना,” मी म्हणाले. “गुरुवारी बैठक आहे.”

“गुरुवारी तुहं मौन.”

“लिहून दाखवीन. तुला वचन देते.”

तो हसला तेव्हा. माझ्या गालाला चिकटलेली कऱ्याची माती त्यानं बोटानं पुसली. “मंग झालं. तू नुसती मान हलवली तरी लोक आयकतीन.”

गुरुवारी मी चिठ्ठी लिहूनच नेली. ‘मडकं नको. चूक माझी आहे.’ घामानं ओली होऊन ती तळहाताला चिकटली होती.

ओसरीत एका कोपऱ्यात चारशे मडकी रचून ठेवलेली. राजदीप उठला, आणि जे मला सांगितलं तेच त्यानं सगळ्यांना सांगितलं. आवाज एकदाही चढला नाही.

भूपेंद्र सर अडखळले. “भाई, तेरी बात सही है… पर माल आ गया है. परचे छप गये.”

मामा सुपारी कातरत होता. “हे सारं आमालेबी मालूम आहे, बापू. ते जुनं झालं आता.” म्हणजे त्याला माहीत होतं! मी सुचवलं त्या दिवशीही माहीत होतं. “अन् ज्या पोरीनं सुचवलं तिच्या मनात काई वाईट होतं काय? तिलेच इचारा ना. काय वो प्रांजली? बदलाव लागते काय?”

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

राजदीपनंही पाहिलं. विश्वासानं. पाकळी काढली त्या दिवशी पाहिलं होतं, अगदी तसंच.

मूठ उघडायची होती, एवढंच. पण मामा माझ्याकडे बघत होता — सुपारी थांबवून, डोळे बारीक करून. मी त्या मुलाच्या बाजूनं चिठ्ठी काढली की त्याला सगळं समजणार होतं. दुकान, पंधरा दिवसांची पाटी, सगळं. संध्याकाळी ते बाबांपर्यंत जाणार होतं… मी मान खाली घातली.

“तिचं आज मौन असते,” मागून कोणीतरी बाई म्हणाली.

“हो, हो. देवाचं आहे ते,” मामा म्हणाला. “चला, पुढचं घ्या.”

देवाचं नव्हतं. त्या क्षणी ते माझं होतं, आणि मी त्याच्या मागं लपले होते.

राजदीप सगळ्यांना “जयभीम” म्हणून चपला घालून गेला.

पदयात्रा झाली. फोटो फार छान आले. लाइनीपलीकडच्या वस्तीवरून आम्ही गेलो, तेव्हा एकही दार उघडं नव्हतं. उन्हात मरणारी माणसं ज्या घरांत राहत होती, त्यातलं एकही माणूस यात्रेत नव्हतं. चंपतकाकांच्या दारासमोर माझ्या गळ्यात काही नव्हतं. पण मी रांगेत होते. अर्धवट लोटलेल्या खिडकीतून राजदीपची आई, शकुबाई, बघत होती. तिनं खिडकी लावलीसुद्धा नाही. नुसतं बघत राहिली.

दुकानाचं शटर त्यानंतर उघडलं नाही. शेजारच्या सलूनवाल्यानं सांगितलं, राजदीप बिलासपूरला पक्क्या कामावर चालला, मंगळवारी दुपारच्या गाडीनं.

पॉवर हाउस स्टेशनवर तो एका बाकावर बसला होता. पायाशी एक पेटी, तिच्यावर ब्रशांची गुंडाळी. मला बघून उठला नाही, तोंडही फिरवलं नाही.

“एवढ्या उन्हात कशाले आली?”

“माफ कर,” मी म्हणाले. “मला माहीत नव्हतं रे…”

“मडकं तुले मालूम नव्हतं. त्याचा राग नाई मले.” त्यानं पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. “पन गुरुवारी तं मालूम होतं.”

मी बाटली घेतली. आजूबाजूला माणसं उतरत होती, चढत होती.

“तू सुट्टीवर आलास की आपण घरी सांगू…”

“नाही.” फार हळू म्हणाला तो. “लग्नात बी असा एखादा मामा भेटनच ना. दर वर्षी, दर सणाले. मी दरवेळी तुह्या मुठीकडं पाहू काय?”

गाडीचा भोंगा वाजला. मी बाटली दोन्ही हातांनी धरून उभी होते.

“काहीतरी सांग मला करायला,” मी म्हणाले. “तू परत यावंस म्हणून नाही. तसंच.”

तो पेटी उचलता उचलता थांबला. “माह्या आईपाशी जाऊन रडू नको. तिले बाया रडतानी लय पाहाव्या लागल्या. जेथं चूप राहिली ना, तेथं जाऊन बोल. त्याच लोकाइपुढं. मामापुढं. पुढच्या यात्रेत ते मडकं नसलं पाह्यजे.”

“बोलीन.”

“केव्हा?”

“आजच. चार वाजता बैठक आहे.”

त्यानं एकदा नीट बघितलं माझ्याकडे. विश्वास ठेवावा की नाही, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नसावं. डब्याच्या दारातून त्यानं हात हलवला नाही. मीही नाही. गाडी वळणाआड गेली, मग नुसता रूळच राहिला, त्याच्यावर थरथरणारं ऊन.

स्टेशनबाहेर सायकल रिक्षावाला म्हणाला, “किधर, दीदी?”

तीन वाजले होते.

“कॅम्प-1,” मी म्हणाले. “देवीदासजींच्या घरी.” मग मनात आलं, बसून जायला नको, वाटेत शब्द जुळवता येतील. त्याला नको म्हटलं, डोक्यावर ओढणी घेतली, आणि पायी निघाले.