फेसाची मिशी

रवीराव हा यंत्रमानव मिरजेच्या प्रयोगशाळेत येण्यापूर्वी लस्सीच्या दुकानात होता. तिथे तो असा घुसळायचा, की फेसावर ठेवलेला चमचा उडून छताला चिकटायचा आणि काढायला शिडी लागायची. खोटं वाटत असेल तर चमच्याला विचारा.

जुईला मात्र आज हसू येत नव्हतं. श्रीदादाचं ऑपरेशन अडलं होतं. त्याचा रक्तगट 'बॉम्बे', हजारोंत एखाद्याचाच. रक्तदाता मिळेना, म्हणून प्रयोगशाळेतली शकूमावशी त्याच्याच मूळपेशींपासून (ज्यांतून सगळ्या रक्तपेशी घडतात) रक्त तयार करत होती. आणि पेशी काही वाढत नव्हत्या.

"उपाशी आहेत का गं?" जुईने विचारलं.

"खायला भरपूर आहे, निरोपच पोचत नाहीये," मावशी म्हणाली. "वाढघटक (पेशीला 'वाढ' असं सांगणारं प्रथिन) अंगाला चिकटला, की एका पेशीच्या दोन होतात."

"मग दादाच्या अंगातनं काढ ना."

"पिंपभर रक्तातनं चिमूटभर निघायचा नाही. म्हणून माणसाचा जनुक (ते प्रथिन बनवायची कृती) जिवाणूच्या डीएनएत जोडतात. तो बापडा आपलीच कृती समजून प्रथिन करत बसतो. असा जोडकामातून मिळालेला, म्हणून पुनर्संयोजित वाढघटक. त्याची पूड कुपीत येते, पाण्यात विरघळवून पेशींना द्यायची. कालची कुपी तर नवीकोरी होती. आता एकच उरलीय."

जुईने कालची रिकामी कुपी उजेडात धरली. "मावशी, हिला मिशी कशी आली?"

काचेला आतून वाळलेल्या फेसाची पांढरी रेघ होती. मावशीने हळूच मान वळवली. "रवीराव, पूड कशी विरघळवलीत?"

"नेहमीसारखी," रवीराव अभिमानाने म्हणाला. "फेस झकास आला होता."

"त्या फेसानेच घात केला," मावशी म्हणाली.

"पण प्रथिन तेवढंच राहिलं ना?" जुई म्हणाली.

"कागदाची होडी उलगडली तरी कागद तेवढाच राहतो. पण तरंगते का ती? प्रथिनाचीही घडी असते. बुडबुड्यात हवा नि पाणी भेटतात, तिथे ती उलगडते. मग ते पेशीला चिकटतच नाही."

शेवटची कुपी मावशीने उचलली. तिचा हात थरथरत होता. रवीरावाचा हात कधीच थरथरत नसे. जुईने एका कुपीत साबणाचं पाणी भरून त्याच्यापुढे ठेवलं. "आधी ही फिरव. एकही बुडबुडा नको."

"बुडबुडा नको? मग कळणार कसं, झालं म्हणून?"

"पूड दिसेनाशी झाली, की झालं."

साबणाचं पाणीसुद्धा निवांत फिरू लागलं, तेव्हाच खरी कुपी त्याच्या हातात गेली.

पेशी वाढल्या. मग दुसऱ्या वाढघटकाने त्यांना तांबड्या पेशी व्हायचा निरोप दिला. पिशवी भरली, ऑपरेशन झालं. अशीच तांबड्या पिशव्यांची रांग एक दिवस कपाटात तयार असेल, म्हणजे कोणाला दात्यासाठी खोळंबावं लागणार नाही, असं मावशी म्हणते.

घरी आलेल्या दादाने सगळ्यात आधी लस्सी मागितली. रवीरावाने पेला अर्धा तास हळुवार फिरवून आणला. वर एकही बुडबुडा नव्हता.

"ही लस्सी आहे की औषध?" दादा म्हणाला.

रवीरावाने जुईकडे पाहिलं. "ताई, इथे फेस चालेल?"

जुईने आधी छताकडे पाहिलं, मग मान डोलावली. "चमचा मात्र बाहेर ठेव."