उजव्या हाताची हाक

धुकं विरेपर्यंत झोपडीत बसा, असं मी परिक्रमेला निघालेल्या प्रत्येकाला सांगतो. चहा ठेवतो, चुलीत आणखी एक लाकूड सरकवतो. बरेचजण थांबतात. काहीजण हसतात, "बाबाजी, मैयाच्या काठावर कसली भीती?" म्हणतात आणि निघतात. त्यांना मी अडवत नाही. फक्त विचारतो, दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं ना?

तुम्ही थांबलात, म्हणून सांगतो.

मी गेंदालाल मुकाती, हरद्याकडचा, पिठाची गिरणी चालवणारा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. थोरल्या बहिणीने, सरजूने, मला वाढवलं. तिला मी जीजी म्हणायचो. नवरा गेल्यावर तिने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. "भाई, एकदा मैयाला फेरी घालायची आहे." ओंकारेश्वरला मी तिच्या बाटलीत नर्मदेचं पाणी भरून दिलं आणि म्हणालो, "जीजी, याच घाटावर तुला परत आणून उभी करीन."

याला बारा वर्षं झाली. पौष महिना होता. रोजचा मुक्काम, चाललेले कोस, कोणी जेवू घातलं, हे सगळं मी वहीत टिपत होतो. अकराव्या दिवसाची शेवटची ओळ अशी आहे: "मुक्काम नानूराम केवटाच्या घरी. टिक्कड, वांग्याची भाजी. जीजी खूप हसली."

तिला हसवलं होतं नानूरामच्या म्हाताऱ्या आईने, भुरीबाईने. पण सकाळी निघताना तीच भुरीबाई गंभीर झाली. बाहेर धुक्यात हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती.

"माताराम, हाक आली तर आधी हात बघ," ती जीजीला म्हणाली. "डाव्या हाताने आली तर ते गाव, शेतं, माणसं. खुशाल उत्तर दे. उजव्या हाताने आली तर तोंड उघडू नकोस."

"का गं? उजवीकडे तर मैयाच आहे."

"मैया हाका मारत नाही."

परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचा प्रवाह ओलांडायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कोणी "नर्मदे हर" म्हटलं तर उत्तर द्यायचं, हेही माहीत आहे. जीजीची अडचण वेगळी होती. लहानपणी कान फुटल्यापासून तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. कुठलाही आवाज तिला उजवीकडूनच यायचा.

"मेलं, माझं तर सगळं जगच उजवीकडे," ती वाटेला लागताच म्हणाली. "भाई, तूच सांगत जा."

मग तेच सुरू झालं. शेतातून कोणी हाक दिली की ती विचारायची, "भाई, कोणत्या हाताने?"

"डाव्या."

"मग हर!"

असं पाच-सहा वेळा झालं असेल. ओल्या वाळूचा आणि कुजलेल्या शेवाळाचा वास नाकात बसला होता. माझ्या टाचेचा फोड फुटला होता.

"भाई, हे कोणत्या हाताने?"

"जीजी, ते पाण्याचं इंजिन आहे. आता इंजिनालाही हर म्हणणार का?"

"म्हटलं तर काय बिघडलं? तुझ्या गिरणीपेक्षा गोड बोलतंय."

थोडं पुढे गेल्यावर चालवेना. टाचेला फडकं बांधायला मी खाली बसलो. जीजी चार पावलं पुढे उभी होती, नुसती पांढरट आकृती. इंजिन मागे राहिलं होतं. कशाचाच आवाज नव्हता.

"नर्मदे हर…"

पातळ, दमलेला आवाज. म्हाताऱ्या माणसाचा असावा.

"भाई, कोणत्या हाताने?"

फडक्याचं टोक माझ्या दातांत होतं. "डाव्या गं, डाव्या! किती वेळा सांगू?"

"हर!" जीजी म्हणाली.

मग त्याच आवाजाने विचारलं, "किती मूर्ती?"

आश्रमात जेवायला बोलावताना असंच विचारतात. परिक्रमावासी मोजताना कोणी माणसं म्हणत नाही, मूर्ती म्हणतात, आणि तेवढी पानं मांडतात.

"दोन मूर्ती!" जीजी खुशीत म्हणाली.

"एकाचंच पान आहे…"

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. फोड दिसावा म्हणून मी जरा उजेडाकडे वळून बसलो होतो. उजेड पूर्वेचा, आम्ही आलो त्या बाजूचा. माझं तोंड उलटं होतं. माझ्या डाव्या हाताला नदी होती.

"जीजी! थांब! बोलू नकोस!"

मी तिच्या मागे होतो, शेताच्या बाजूला. माझी हाक तिला ऐकू गेली. पण तिला ती उजवीकडून ऐकू गेली.

"आले रे, आले," ती म्हणाली आणि उजवीकडे वळली.

मी ओरडत पळालो. जितका ओरडलो तितका तिचा आवाज पाण्याकडे गेला. "आले की… किती हाका मारशील…" मग मला ओरडायचीही भीती वाटू लागली. गप्प राहावं तर ती जाते आहे, हाक मारावी तरी ती जाते आहे… मी तोंडावर हात दाबून वाळूत उभा राहिलो.

तिची पावलं सरळ पाण्यापर्यंत गेली होती. कुठे घसरलेली नाहीत, घाई नाही. काठाशी तिची काठी वाळूत रोवलेली होती. शेजारी पाण्याची बाटली आणि चपला, एकीला एक लावून ठेवलेल्या. कोणाच्या घरी जेवायला गेलं की उंबऱ्याबाहेर ठेवतात तशा.

साडेनऊला धुकं उठलं. नानूराम नाव घेऊन आला, बांबूने तळ चाचपत राहिला. पाणी तिथे कमरेएवढं होतं. तेवढ्यात मला ती दिसली. समोरच्या काठावर, दगडावर बसलेली. तिने हात वर केला.

"नानू, ती बघ! ती बघ जीजी!"

त्याने पाहिलं. नाव वल्हवत पलीकडे गेला, उतरला, त्या दगडापाशी जाऊन उभा राहिला. तिच्या इतक्या जवळ की त्याच्या धोतराचा सोगा तिच्या खांद्याला लागत होता.

"बाबाजी!" तो तिथून ओरडला. "इथे कोणी नाही!"

तो परत आला तेव्हा मी नावेत चढलो.

"परिक्रमा तुटेल, बाबाजी."

"तुटू दे."

पलीकडे दगड कोरडा होता. मी वळून पाहिलं. जीजी आता अलीकडच्या काठावर होती, आपल्या काठीपाशी, चपला पायात घालत. आम्ही परत आलो. ती पलीकडे. पुन्हा गेलो. ती इकडे. तिसऱ्यांदा नानूरामने वल्ही खाली ठेवली. "हात जोडतो, पुरे करा," म्हणाला. तो रडत होता.

काठी आणि बाटली जागेवर होती. चपला नव्हत्या. डाव्या चपलेचा अंगठा मी आदल्या दिवशीच हिरव्या सुतळीने शिवून दिला होता.

मी घरी गेलो नाही. जीजीला परत त्या घाटावर उभी केली नाही, तर घरी काय तोंड दाखवू? भुरीबाई गेली, नानूराम मुलाकडे गेला. मी इथेच आहे. धुकं पडलं की सकाळी उजवीकडून हाक येते.

"भाई… कोणत्या हाताने?"

बारा वर्षं मी फडकं दातांत धरून बसतो. खरं सांगू की खोटं, कशाने ती परत येईल आणि कशाने आणखी आत जाईल, मला कळत नाही. चूक एकदा झाली आहे.

काल मात्र हाक डावीकडून आली. शेताच्या बाजूने, अगदी दाराशी. मी तोंड कुठे आहे ते आधी पाहिलं. पश्चिमेलाच होतं, नदी उजव्याच हाताला. दोनदा पाहिलं.

मी उत्तर दिलं नाही.

चहा संपला असेल तर निघा, धुकं विरलं आहे. फक्त बाहेर पडताना जपून. उंबऱ्याशी चपला आहेत. ओल्या आहेत, कालपासून वाळलेल्या नाहीत. सुतळी हिरवी आहे. त्यांना ओलांडू नका, बाजूने जा.