आत्याची सही

आधीच सांगतो, ही गोष्ट रात्रीची नाही.

मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर गाड्यांचा कलकलाट होता. वेळ इतकी नेमकी सांगू शकतो, कारण ती कागदावर लिहिलेली आहे, खाली गोल शिक्का आहे. कोणाला थाप वाटत असेल तर तो कागद मी दाखवीन. माझ्या कपाटातच आहे तो. फाडून टाकायची हिंमत होत नाही.

मी चष्म्याच्या काचा घासतो. पुढे दुकान, मागे घर. आधी वडील हेच करायचे, आता मी आणि दादा करतो. दादा गिऱ्हाईक बघतो, मी यंत्रावर बसतो. दोघांपैकी कोणालाही दुसरं काही येत नाही.

त्या वर्षी आमच्या शटरवर लाल रंगात एक आकडा आला. रस्ता रुंद होणार होता. मग नोटीस आली. जागा संपादन होणार, हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवा.

दादाने नोटीस वाचली, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. "असल्या नोटिसा वडिलांच्या वेळेपासून येतात," म्हणाला. "होत काही नाही."

सत्ताविसाव्या दिवशी समोरच्या रांगेतलं पहिलं घर पाडलं; त्यांची मुदत आधीच संपली होती.

तो आवाज मी विसरू शकत नाही. आमच्या रॅकवरच्या सगळ्या काचा एकदम किणकिणल्या.

मग आमची पळापळ सुरू झाली. पहिला वकील म्हणाला, मी फक्त घटस्फोट बघतो. दुसऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं की तो रस्त्याच्या ठेकेदाराचंच काम बघतो. दादाने त्याच्यासमोर हात जोडले होते. ते तसेच राहिले, खाली घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

तिसऱ्या वकीलबाई. झेरॉक्सच्या दुकानावर, तीन जिने चढून. संपादनाच्या केसेसशिवाय दुसरं काही घेत नाहीत, असं कळलं होतं. त्यांनी नकाशा पसरला, पट्टी ठेवली, आणि पहिल्यांदा कोणीतरी आमच्याशी आशेचं बोललं. समोरच्या रांगेमागे मोकळी जागा आहे, रस्ता तीन मीटर तिकडे सरकू शकतो, असा मुद्दा मांडता येईल म्हणाल्या. पण हरकतीच्या वकीलपत्रावर सगळ्या मालकांची सही हवी. एक जरी कमी असली तरी पहिल्याच दिवशी अर्ज बाजूला पडतो.

उताऱ्यावर तीन नावं होती. दादाचं, माझं आणि आत्याचं.

आत्या अकरा वर्षांपूर्वी गेली होती.

तिचं नाव काढायचं राहून गेलं होतं. आज करू, उद्या करू. आता नाव काढून वारस नोंद करायची तर दीड-दोन महिने. आमच्या हातात दोन दिवस.

वकीलबाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "आत्या हयात आहेत ना?"

दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आहेत," म्हणाला. "थकल्यात फार. मागच्या खोलीत असतात. जिने चढवत नाहीत त्यांना."

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचीच ही सगळी गोष्ट आहे.

वकीलबाईंचा नियम होता, सही त्यांच्यासमोरच व्हायला हवी. दादाने फार गयावया केली, तेव्हा त्यांनी वकीलपत्र घरी न्यायला दिलं. आणि अर्जात एक परिच्छेद वाढवला... 'सदर मिळकतीच्या मागील खोलीत अर्जदारांची वृद्ध आत्या कायम वास्तव्यास असून, तिला तेथून हलवणे तिच्या जिवास धोक्याचे आहे.'

आत्याचे शेवटचे शब्द जवळपास हेच होते. "मला या खोलीतून हलवू नका रे," ती म्हणाली होती. आम्ही हलवलं. इस्पितळात तिसऱ्या दिवशी गेली.

सही मी केली.

दादाला जमणार नव्हतं. मला तिचं अक्षर पाठ होतं, कारण काचांच्या पाकिटांवर नंबर तीच लिहायची. जुनं पाकीट समोर ठेवलं, कोपर यंत्राला टेकवलं आणि केली. हुबेहूब आली.

मंगळवारी दहाला कागद वकीलबाईंच्या हातात दिला. साडेबाराला त्यांचा फोन. "सहीबद्दल बोलायचंय. लगेच या."

पकडलो गेलो, एवढंच डोक्यात होतं. तीन जिने चढून गेलो.

वकीलबाई रागावलेल्या होत्या, पण भलत्याच गोष्टीसाठी.

"जिने चढवत नाहीत म्हणालात. एवढ्या म्हाताऱ्या बाईला उन्हात एकटीला पाठवलंत?"

मला काही कळेना.

"कोण आलं होतं?"

"तुमच्या आत्या. अकरा चाळीसला. म्हणाल्या, ही सही माझी नाही, मी करते."

त्यांनी वकीलपत्र माझ्यापुढे सरकवलं. माझी सही एका रेघेने खोडलेली होती. तिच्याखाली दुसरी सही. शेजारी वकीलबाईंच्या हाताने तारीख, वेळ, 'माझ्यासमोर केली' आणि शिक्का.

मी कागद उलटा केला. आत्या पेन फार दाबून धरायची, पाकिटांना भोकं पाडायची. वडील चिडवायचे तिला.

कागदाला दोन भोकं होती...

"पहिली कोणी केली ते मी विचारत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण त्यांचा चष्मा बदला हो. एक काच पार दुधी झालीये."

ती दुधी झालेली नव्हती. मी तशी घासून दिली होती. आत्याचं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन फसलं, उजेड सोसवेना, म्हणून डावी काच मुद्दाम दुधी. असा चष्मा मी आयुष्यात एकच बनवला.

त्याच क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर अर्ज गेला असता, आणि अर्जाबरोबर घर.

"बदलतो," म्हणालो.

घरी येऊन यंत्राखालचा ड्रॉवर उघडला. चष्मा तिथेच होता, अकरा वर्षं होता तसा. फक्त... मी दांड्या मिटून ठेवला होता. आता दांड्या उघड्या होत्या.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, बाईंचा घोळ झाला असेल, दुसरीच कोणी म्हातारी आली असेल. पण त्या दिवसापासून मागच्या खोलीत काचांचे खोके आणायला तो गेला नाही. मलाच पाठवायचा.

आठ दिवसांनी स्थळपाहणी ठरली. मोजणीचे साहेब येणार, राहणाऱ्यांचे जबाब घेणार. आम्ही खोके हलवले, पलंग टाकला, चादर अंथरली. वहिनीने उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. साहेबांनी विचारलं तर आत्या डॉक्टरकडे गेल्यात असं सांगायचं, हे ठरलेलं. नाटकच ते. पण आम्ही तिघंही अगदी हळू आवाजात बोलत होतो.

यावेळी मी चष्मा सोडला नाही. ड्रॉवर बंद केला आणि त्यावर हात ठेवून यंत्रापाशी बसून राहिलो.

दुपारी तीनला साहेब आले. फीत लावून दुकान मोजलं, घर मोजलं. मग मागच्या खोलीकडे वळले. दादा घाईने पुढे झाला, "साहेब, आत्या जरा..."

साहेब आत गेले होते. दार त्यांच्यामागे लोटलं गेलं.

"बसा बसा, उठू नका," त्यांचा आवाज आला.

मग काहीच नाही...

"किती वर्षं राहता इथे?"

काहीच नाही... एखादा माणूस उत्तर देईल एवढा वेळ.

"बरं. आणि भाचे बघतात ना नीट?"

यावेळी ती शांतता फार लांबली. साहेबांच्या पेनाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. दादाने भिंतीला पाठ टेकली होती, आणि वहिनीने त्याचा दंड घट्ट धरला होता. बायको नवऱ्याला आधार देते तसा नव्हे. त्याला आत जाऊ देऊ नये म्हणून.

दहा मिनिटांनी साहेब बाहेर आले. कागदांची चळत नीट करत म्हणाले, "जबाब झाला. खिडकीला पडदा लावा, आजींना उजेड सोसत नाही."

ते गेले. मी ड्रॉवर उघडला.

रिकामा होता.

चष्मा मागच्या खोलीत उशीवर होता. चादरीला मधोमध खळगा पडला होता. तांब्यातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं.

तीन महिन्यांनी निकाल लागला. वकीलबाईंनी स्वतः फोन केला, त्यांचा आवाज आनंदाने चढला होता. घर वाचलं. दादा दुकानात खाली बसून लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी आम्हाला कशाचीच भीती वाटली नाही.

निकालपत्र नंतर हातात आलं, सोबत ते वकीलपत्रही परत आलं. रस्ता सरकवला नव्हता. आमच्यापाशी तो तेवढ्यापुरता अरुंद ठेवला होता, तोही अटीवर. 'वृद्धेच्या हयातीपर्यंत, व तिच्या जबाबानुसार दोन्ही भाचे तिच्यासोबत वास्तव्यास असेपर्यंत, सदर मिळकत वगळण्यात येत आहे.' दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. वृद्धेने स्वतः कार्यालयात येऊन.

आम्ही कधीच काही दिलं नाही. दरवर्षी पोच येते.

दोन वर्षं अशी काढली. मग वहिनीने हाय खाल्ली. दादा तिला घेऊन दुसऱ्या शहरात गेला, भाड्याने खोली घेतली. सहाव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं... 'वृद्धेने समक्ष येऊन तक्रार केली आहे की एक भाचा घर सोडून गेला. खुलासा करावा, अन्यथा सवलत रद्द समजावी.'

सातव्या दिवशी दादा परत आला. वहिनी आली नाही.

मी वकीलबाईंकडे गेलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं. मग एवढंच म्हणाल्या, "माझ्यासमोर खुर्चीत बसून सही केलीय हो त्यांनी. मी काय लिहून देऊ?" त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

आम्ही अजून तिथेच आहोत. दोन्ही बाजूंना रुंद रस्ता, मधे आमचं घर पुढे आलेलं. गाड्या वळसा घालून जातात. मागच्या खोलीला पडदा आहे. तांब्या रोज मीच भरून ठेवतो, आणि का ठेवतो ते स्वतःला विचारत नाही.

हे सगळं आज लिहायला घेतलं, कारण या वर्षीची पोच काल आली. यावेळी सोबत एका अर्जाची नक्कल जोडलेली आहे. 'वृद्धेच्या पश्चात मागील खोलीत कायम राहणार' असा एक रकाना त्यात आहे.

तिथे माझं नाव आहे. त्यापुढे माझी सही. हुबेहूब.

मी ती केलेली नाही.

नक्कल उलटी करून पाहिली. नकलेला भोकं नसतात, हे मला कळतं.

तरी बोट फिरवून पाहिलं. दोन आहेत.