लग्नाची ओळ

कोंडाजींनी रस्त्याकडेची जमीन कारखान्याला विकली, ही बातमी घोटावड्यात पोचायच्या आधी विमावाल्यांना पोचली होती. २००९ सालच्या त्या भादव्यात एका आठवड्यात पाच जण येऊन, चहा पिऊन, डायऱ्या वाटून गेले. त्यामुळे भुरभुर पावसात खांद्याला काळी बॅग लावलेला सहावा माणूस फाटकाशी दिसला, तेव्हा कोंडाजींच्या लेकीनं, स्नेहलनं, त्याला तोंडच उघडू दिलं नाही.

“आमाला पॉलिसी नको, फंड नको, कॅलेंडर बी नको. या आता.”

“मला… खोली हवी होती,” तो म्हणाला. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. “बाहेर पाटी आहे, भाड्यानं देणे म्हणून…”

स्नेहलनं जीभ चावली. हसू काही आवरेना, म्हणून किल्ली आणायचं निमित्त करून ती आत पळाली.

असा अमोघ मागच्या खोलीत राहायला आला. मूळचा अंबाजोगाईचा, नोकरी हिंजवडीत. कंपनीची गाडी सकाळी फाट्यावर यायची आणि त्याआधी पाच मिनिटं त्याला रोज गोठ्याजवळून जावं लागायचं. खरं तर फाटा दुसऱ्या बाजूला होता. स्नेहल तेव्हा धार काढत असायची, हा आपला योगायोग म्हणायचा.

एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन ओसरीवर आला.

“एक मदत कराल? आम्ही एक सॉफ्टवेअर करतोय. माणसानं आपल्या इच्छा लिहायच्या, कोणत्या सालापर्यंत हव्यात आणि किती निकडीच्या आहेत ते लिहायचं. महिन्याला किती बाजूला टाकलं तर कुठली इच्छा पुरी होईल, ते हे आपोआप सांगतं. ऑफिसाबाहेरच्या माणसांकडून भरून घ्यायचंय.”

“आन् शेवटी काय गळ्यात मारनार?”

“काहीच नाही. कुठल्या कंपनीचं नावसुद्धा यात येत नाही.”

स्नेहलनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. काही विकायला न आलेला माणूस तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ती शेजारी टेकली, थोडं अंतर ठेवून, आणि कुणालाच न सांगितलेली गोष्ट तिनं टाइप केली: पॉलीहाऊस, जरबेराची फुलं, पुढचं साल. उरलेल्या वावरात ते तिला उभं करायचं होतं. बी.कॉम. झाली होती, तळेगावला जाऊन फुलशेती शिकून आली होती. पण जमिनीचे पैसे आबांनी, म्हणजे कोंडाजींनी, तिच्या लग्नाला धरून ठेवले होते. हजार पानांची पंगत, घोडा, बँड, सगळं ठरलेलं. फक्त नवरा ठरायचा बाकी होता आणि दिवाळीनंतर एक स्थळ येणार होतं.

तिनं बटण दाबलं. पॉलीहाऊसखाली आणखी एक ओळ आली: लग्न, २०१०.

“ही म्या न्हाई लिवली.” तिनं ती पुसली. पुन्हा बटण दाबलं. ओळ पुन्हा हजर.

“तुमच्या यंत्राला माज्या लग्नाची आबांपेक्षा घाई हाय व्हय?”

अमोघ कानापर्यंत लाल झाला. “तो नियम… मीच लिहिलाय. पंचविशीच्या आतली मुलगी असली की लग्न धरायचं, असा.”

“आन् पोरगा असला तर?”

पोरासाठी असा नियम नव्हताच.

“मग बदला,” ती म्हणाली आणि उठून गेली. तिला राग आला होता, हे खरं. पण त्या रागातही त्याचे लाल कान तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, हेही खरं.

पुढच्या रविवारी तो नियम गेला होता. “आता आपोआप येत नाही,” अमोघ म्हणाला. “ज्याला हवं त्यानं स्वतः लिहायचं.”

त्या दिवशी कोंडाजीही येऊन बसले, अमोघच्या लॅपटॉपवर नजर ठेवून. “ह्यात तुमचं कमिशन किती?”

“काही नाही, आबा.”

“मंग हे यंत्र कुनाच्या बाजूनं हाय?”

“कुणाच्याच नाही. तुम्ही सांगाल ते मांडतं.”

कोंडाजींनी सांगितलेला लग्नाचा खर्च अमोघनं स्नेहलच्या पॉलीहाऊसशेजारी मांडला. हजार पानं धरली, तर पॉलीहाऊस गेलं २०१९ सालात. दोनशे धरली, तर पुढच्याच वर्षी उभं. कोंडाजी पडद्यावरून स्नेहलकडे वळले.

“आदी का न्हाई मागितलंस, पोरी?”

“तुमी हौसेनं ठरवलं हुतं, आबा. मोडवंना.”

“पाचशे पानं,” कोंडाजी म्हणाले.

“दोनशे.”

“चारशे. भावकी काय म्हनंल?”

“दोनशे, आबा. आन् फुलं घरची.”

कोंडाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. “बरं, दोनशे,” म्हणाले आणि घाईघाईनं बैलांकडे निघून गेले. डोळे पुसलेले तिला दिसू नयेत म्हणून.

ओसरीवर दोघंच उरली. पागोळ्या गळत होत्या, समोर खाचरात भात पोटरीला आला होता, लोंब्या फुटायच्या बेतात.

“सगळ्यांचं भरून घेतलंत,” स्नेहल म्हणाली. “तुमचं कुटं हाय?”

“माझं राहू द्या…”

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढून त्याची यादी उघडली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन: अत्यावश्यक. बहिणीचं शिक्षण: अत्यावश्यक. स्वतःचं घर: महत्त्वाचं. आणि अगदी शेवटी स्वतः लिहिलेली ओळ: लग्न. सवडीनं. सालाचा रकाना मोकळा होता.

“हितं साल न्हाई.”

“ते… एका माणसाला विचारून भरायचंय.”

“मग इचारायचं की. रोज गोठ्यावरनं फेऱ्या मारून कळतंय व्हय?”

अमोघनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “स्नेहल, मला तू फार आवडतेस. पण पॉलीहाऊस आधी. मी थांबेन. म्हणून सवडीनं लिहिलंय.”

तिनं पुढं वाकून ‘सवडीनं’ पुसलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: अत्यावश्यक. साल टाकलं २०१०. अमोघनं तिच्या हातावर अलगद आपला हात ठेवला, आणि तिनं तो राहू दिला.

“खर्चाचा रकाना राहिला,” तो हळूच म्हणाला.

“भरा की,” स्नेहल म्हणाली. “दोनशे पानं. आबांशी आत्ताच ठरलंय.”