सुकायच्या आत

उन्हाळ्यात भर दुपारी मी पाट्या रंगवत नाही. रंग ब्रशवरच आळतो. सुट्टीला आलेली नात म्हणाली, "आजोबा, कंटाळा आला." म्हटलं, चल, गोष्ट लिहू.

"वही कुठाय?"

"गच्चीवर."

बादली, दोन ब्रश, तापलेली फरशी. लहानपणी मी आणि ताई असंच लिहायचो, पाण्यानं. एक वाक्य तिचं, एक माझं. आधीचं सुकायच्या आत पुढचं लिहायचं. सुकलं की गोष्ट मेली. कागदावर लिहिलं की मोठी माणसं वाचतात, असं ताईचं म्हणणं. अक्षरांवर ती आडवी रेघ कधीच देत नसे. "पाणी कशाला वाया घालवू, ठोंब्या?" मी मात्र रेघा ओढायचो, सरळसोट. पुढे त्यांच्यावरच पोट भरलं. तापल्या फरशीवर पाणी पडलं की अजून तो वास येतो, आणि शेजारी कुणीतरी उकिडवं बसलंय असं वाटतं.

शेवटची गोष्ट अर्धी राहिली. मी लिहिलं होतं:

मुलीनं दार ढकललं. आत

खालून हाक आली. "आलेच. सुकू देऊ नकोस," म्हणत ताई जिना उतरली.

मी तेच वाक्य गिरवत राहिलो. बादली संपेपर्यंत.

जिन्याच्या तळाशी आई शिलाई मशीनवर होती. "मी कुठे हाक मारली? आणि इथून उतरलं कोण?"

ताई पुन्हा कुणाला दिसली नाही. पोलिसांनी सगळं गाव पालथं घातलं. खेळाला दोष द्यायचं कुणाच्या मनात येणार?

नातीनं लिहिलं:

एक घर होतं. नुसती दारंच दारं.

मी:

तिथे एक मुलगी राहायची.

ती:

तिला शेवटचं दार आवडायचं नाही.

मी लिहिलं. काय लिहिलं ते लिहून झाल्यावर वाचलं.

मुलीनं दार ढकललं. आत

खालून हाक आली. मलाही ऐकू आली.

"आई आली वाटतं! आलेच हं आजोबा. सुकू देऊ नका."

"थांब!"

चपला जिन्यात वाजल्या. मग वाजायच्या थांबल्या.

मी उठलो. 'मुलीनं' पुसट झालं. मी बसलो.

त्यानंतर खाली कुलूप उघडल्याचा आवाज आला.

"काय ऊन आहे हो बाबा बाजारात! एवढी शांतता? छकुली झोपली की काय?" लेक विचारत होती.

"पाणी आण!"

"आँ? छकुली कुठंय?"

"आधी पाणी आण!"

मुलीनं. दार. ढकललं. आत.

मुलीनं. दार.

ब्रश बादलीच्या तळाला घासला.

'आत'च्या पुढे, कोरड्या फरशीवर, एक ओलं अक्षर उमटलं. मग दुसरं.

आम्ही दोघी

अक्षरांवर रेघ नव्हती.

पाळी माझी होती. 'आ' सुकायला लागला होता.