उजव्या हाताच्या बांगड्या

रीमा घरातून निघाली ती फक्त चहा घेऊन, एवढं ध्यानात ठेवा. मुर्धा गावच्या खाडीलगत त्यांचं भातशेत. नांगरताना तिथं शिलाहारांच्या काळची सतीशिळा लागली, म्हणून खोदकाम चाललेलं. शिळेवर कोपरात दुमडलेला बाईचा हात कोरला होता, मनगटभर बांगड्या. आता ती शिळा बाजूला काढली होती आणि उत्खनन करणारे स्वप्नीलसर तिच्या खालची माती कुंचल्यानं सारत होते.

चहाचं नुसतं निमित्त हो! घरात तिला बसवतच नव्हतं. नवरा परेश मासेमारीच्या बोटीवर गेलेला, आणि वादळानंतर त्याचा फोन लागत नव्हता. सासू कमळाबाई तर सकाळपासून बांधावर बसून खाडीकडे डोळे लावून होती.

भर दुपार. वारा पडलेला. खड्डा कोरडा ठणठणीत, पण त्यातून खाडीच्या ओल्या चिखलाचा वास यायला लागला.

"वहिनी, जरा इकडे या..." सरांचा आवाज दबका. "ही माती शेकडो वर्षांत कुणी हलवलेली नाही. मग हे काय?"

मातीत हिरवी काच चमकत होती, वर सोनेरी टिकल्या. रीमानं वाकून पाहिलं. नया नगरच्या दुकानात तिनं स्वतः निवडलेल्या, लग्नातल्या बांगड्या! कोळ्यांची रीत ठाऊक आहे ना? लग्नात नवरी उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला देते, माझ्या धन्याला सांभाळ म्हणून. रीमानंही त्या खाडीत सोडल्या होत्या.

"दर्यानं परत केल्या गो!" कमळाबाईनं कपाळ बडवून घेतलं. "माझा परेश गेला..."

सरांचा कुंचला फिरतच होता. "एकही फुटलेली नाही... थांबा. आत मनगटाचं हाड आहे."

कमळाबाईचं रडं जागच्या जागी थांबलं. "मंग परत न्हाय केल्या. कुणाच्या तरी हातात हायत! दर्यानं माणूस घेतला, माझा पोर सोडला!" म्हातारी रडता रडता हसायला लागली.

"तरुण बाई दिसतेय," सर पुटपुटले. "उजवं मनगट लहानपणी मोडून वाकडं जुळलंय..."

रीमानं आपला उजवा हात पदराआड घेतला. लहानपणी झोपाळ्यावरून पडून मोडलेला, हाडवैद्यानं वाकडाच बसवलेला हात. सासूला ते पक्कं माहीत होतं. तिनं सुनेच्या पदराकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून खाडीला हात जोडले. पोटचा गोळा तो पोटचा गोळा, दुसरं काय!

तेवढ्यात रीमाचा फोन वाजला. परेश!

"वाचलो गं! संध्याकाळी धक्क्याला लागतोय. आईला सांग... अगं, बोल ना काहीतरी!"

रीमानं बोलायला तोंड उघडलं. दातांखाली ओली माती करकरली.