ओळख पटवणारा

हंबीररावाला मोठ्या माणसाशी वागायची रीत कधी आलीच नाही. सख्खा दीर माझा, पण पायताणासकट सोप्यात शिरला आणि माझ्या तोंडापुढं कागद नाचवला.

"वैनी, मळा इकायचं मुखत्यारपत्र तुमी मला दिलंया. आंगठा तुमचाच हाय."

धन्यांच्या मागं विहिरीवरचा मळा माझ्या नावावर. आणि आंगठा? ग्रामशिक्षण मोहिमेत हरिबा गुरुजींनी सही शिकवल्यापासून मी आंगठा कुठं टेकवलेला नाही.

गुरुजींना सोबत घेतलं, रहिमतपूरला गाडी धरली आणि सांगलीत, कागदावर शिक्का होता त्या नोटरी वकिलापुढं उभी राहिले. "मी आले नसताना शिक्का मारलाच कसा?"

म्हातारा दुखावला. "येसूबाई, माणूस समोर आल्याशिवाय, कुणी ओळख पटवल्याशिवाय, कागद वाचून दाखवल्याशिवाय माझा शिक्का उठत नाही. सोमवारी तुम्हीच आलात. पदर सारून तोंड दाखवलंत. त्या बाकावर बसलात."

बाकाकडं बघितलं. शुक्रवार होता, तरी बसल्याजागी ओल होती.

"रोज पुसतो," तो हळू आवाजात म्हणाला. "वाळत नाही."

आमच्या विहिरीतल्या शेवाळाचा वास येत होता.

मी त्याची वही ओढली. "घ्या माझा आंगठा. सोमवारच्या ठशाशेजारीच."

त्यानं भिंग धरलं. माझ्या आंगठ्यावर तव्याच्या चटक्याचा वण आहे, आडवा. दोन्ही ठशांत होता.

गुरुजी खाली बसले. मी नाही बसले.

"आसंना का! आज मी समोर हाय, गुरुजी मला वळखत्यात. ते मुखत्यारपत्र रद्द केलं म्हणून लिवा."

त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं. मी सही केली, एकेक अक्षर ठासून. शिक्का बसला. सोमवारच्या नोंदीत ओळख पटवणाऱ्याची सही तेवढी बघून घेतली.

दुसऱ्या दिवशी हंबीररावाच्या दारात गेले. तो ओट्यावर बसला होता, अनवाणी.

"वैनी, चुकलो. गावातल्या हरणाबाईला तुमच्या नावानं उभी करायचं ठरलं हुतं. नोटरीच्या दारात पदर वढून बसलेली, मला वाटलं तीच. मी मागं हुबा, तोंड दिसलंच न्हाई. हरणाबाई म्हनती, मी घरातनं हाललेच न्हाई." त्यानं आत बघितलं. "काल सांजच्याला ती नोटरीकडची हितं आली. न्या तिला."

उंबऱ्यावर पाणी होतं.

आत कुणी खाकरलं. माझं खाकरणं मला कळतं.

मी पाऊल मागं घेतलं नाही.

"ती येसूबाई हाय म्हणून सही तू केलीस, हंबीरराव. मळा माझा. ती तुझी. जेवाय वाढ तिला."